रंगांच्या तक्त्यातला पांढरा चौकोन

फॅशन डिझाइनच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात दुसऱ्या आठवड्याला मी रंगांविषयी शिकवते. त्या तासासाठी बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक तक्ता तयार केला होता. डाव्या बाजूला रंग, वरच्या ओळीत देश आणि मधल्या चौकोनांत अर्थ, असे त्याचे साधे स्वरूप होते. पांढऱ्या रंगासमोर युरोपच्या चौकोनात ‘विवाह, निर्मळपणा’ आणि भारताच्या चौकोनात ‘शोक, वैधव्य’ असे लिहिलेले होते, तर लाल रंगासमोर भारताच्या चौकोनात ‘विवाह, सौभाग्य’ असे होते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत असे तक्ते सर्रास आढळतात. मीही तो तिथूनच उचलला होता आणि त्याखाली माझे नाव घालून वर्षानुवर्षे दाखवत आले होते.

दोन-तीन वर्षांपूर्वी याच तासाला नांदेड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीने, जिचा कॅमेरा कायम बंद असे, चॅटमध्ये एकच ओळ लिहिली : ‘मॅडम, माझ्या आईने लग्नात पांढरी साडी नेसली होती.’ मी पुढच्या स्लाइडवर गेले होते, ती मागे आले. काय उत्तर द्यावे ते मला क्षणभर सुचेना. तिचे घर बौद्ध आहे. महाराष्ट्रातल्या बौद्ध विवाहांत वधूने पांढरी साडी नेसण्याची रीत आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यांनीही पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घातला होता. पुण्यात राहून, बौद्ध शेजाऱ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या लग्नांना जाऊन, तिथले अक्षता नसलेले आणि पांढऱ्या कपड्यांनी भरलेले मंडप पाहूनही मला हे माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. मला ते माहीत होते. परंतु तक्ता करताना ‘भारत’ या चौकोनात काय लिहायचे ते मी पुस्तकाला विचारले होते, स्वतःच्या डोळ्यांना विचारले नव्हते.

त्या रात्री तक्त्याचा विचार करताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती अधिक लाजिरवाणी होती. माझ्या पणजीचे एक छायाचित्र आमच्या घरी आहे. ती लहान वयात विधवा झाली, तिचे केशवपन झाले आणि ती पुढे आयुष्यभर आलवण नेसली. आलवण म्हणजे विधवेचे लाल, मळकट तांबूस रंगाचे लुगडे. छायाचित्र कृष्णधवल असल्यामुळे त्यात तो रंग दिसत नाही, परंतु आजीने तो मला सांगितलेला होता. म्हणजे ज्या घरातून मी आले त्या घरातसुद्धा वैधव्याचा रंग पांढरा नव्हता, लाल होता. माझ्या तक्त्यातला पांढऱ्याचा चौकोन माझ्या विद्यार्थिनीच्या घराच्या बाबतीत चुकीचा होता आणि लाल रंगाचा चौकोन माझ्या स्वतःच्या घराच्या बाबतीत. मग तो तक्ता नेमका कोणाच्या घराबद्दल बोलत होता?

पुढच्या तासाला मी तक्त्यातले सगळे चौकोन रिकामे केले आणि विद्यार्थ्यांना ते भरायला सांगितले, अट एवढीच की देशाचे नाव लिहायचे नाही, घरातल्या एका माणसाचे आणि एका प्रसंगाचे नाते लिहायचे. संक्रांतीच्या पहिल्या सणाला हलव्याच्या दागिन्यांबरोबर नेसलेली काळी चंद्रकळा आली, आणि तिच्यासोबत, ‘एरवी मात्र नव्या सुनेला काळे नेसू देत नाहीत’ ही तळटीपही आली. मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री आली. लग्नानंतर मोडू नये म्हणून जपलेला हिरवा चुडा आला. गोव्यातल्या एका विद्यार्थिनीने पांढऱ्या गाऊनशेजारी ‘सादो’ लिहिला. तिथल्या ख्रिस्ती घरांत वधूसाठी शिवला जाणारा हा लाल पोशाख असून त्याचे कापड बेतण्याचाच घरी छोटा समारंभ होतो. रंगांची नावे विचारली तेव्हा तर दीड तास पुरला नाही. आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, गुलबक्षी, अबोली, श्रीखंडी, पारवा, विटकरी, शेवाळी, लिंबोळी, मोतिया. संगणकावर प्रत्येक छटेला सहा अंक-अक्षरांचा संकेत असतो आणि पडद्यावर काम करताना तो लागतोच. परंतु ‘अबोली आणि गाजरी यांत फरक काय’ यावर बारा जणांनी वाद घातला, तेव्हा छटा ओळखण्याचा जो सराव झाला तो संकेत पाठ करून झाला नसता.

विद्यार्थ्यांच्या संस्कृतीला प्रतिसाद देणारे अध्यापन, ही कल्पना शिक्षणशास्त्रात नवीन नाही. अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये आणि जिनीव्हा गे यांनी २००० मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. त्यांच्यासमोर प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतली मुले होती, ज्यांच्या बोलण्याला, घराला आणि सवयींना शाळा ‘उणीव’ समजत होती. त्याआधी, १९९२ मध्ये, लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनातल्या टुसान शहरात मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या घरी जाऊन शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, व्यापार यांविषयी त्या घरांत साठलेले ज्ञान नोंदवले आणि शिक्षकांनी त्यावर धडे बेतले. आपल्याकडची परिस्थिती तशीच्या तशी नाही. आपल्याकडे वर्गात वंशाच्या जागी जात, धर्म, तालुका आणि इंग्रजी येते. लॅडसन-बिलिंग्ज यांच्या मांडणीचे तीन भाग आहेत : विद्यार्थ्याचे शैक्षणिक यश, स्वतःच्या संस्कृतीत त्याचे पाय रोवलेले राहणे, आणि समाजातल्या विषमतेकडे चिकित्सकपणे पाहण्याची त्याची क्षमता. आपल्याकडच्या कार्यशाळांत पहिल्या दोन भागांचे कौतुक होते आणि तिसऱ्याची वेळ आली की चहा येतो.

फॅशनच्या शिक्षणात तर पहिल्या दोन भागांचाही फार सोपा अर्थ लावला जातो. सत्राचा एक प्रकल्प ‘पारंपरिक प्रेरणा’ म्हणून राखून ठेवायचा, त्यात पैठणीचा काठ किंवा वारलीची माणसे एखाद्या स्कर्टवर लावायची आणि बाकी साऱ्या सत्रात छातीचा डार्ट (कापडाला उभार देणारी चिमटीसारखी शिवण), नऊ डोक्यांच्या उंचीची सडपातळ आकृती आणि वसंत-उन्हाळा, शरद-हिवाळा असे ऋतूंचे गट शिकवायचे, ही पद्धत मीसुद्धा वापरली आहे. यात संस्कृती म्हणजे वरून लावायची नक्षी, आणि कपड्याचा सांगाडा मात्र कोणत्याही संस्कृतीचा नाही, तो जणू निसर्गनियम आहे, असे आपण न बोलता शिकवत असतो. पण सांगाडासुद्धा कोणाचा तरी असतोच. युरोपीय शिवणकामात कापड माणसाच्या अंगाप्रमाणे कापले जाते. ते एकदा कापले की त्या मापाच्याच माणसाचे होते, म्हणून मग मापांचे तक्ते लागतात. नऊवारी साडी कापलीच जात नाही. सव्वाआठ मीटरच्या जवळपास जाणारे ते एकसंध कापड सोळा वर्षांच्या मुलीला, सात महिन्यांच्या गर्भवतीला आणि सत्तरीच्या आजीला तेच्या तेच बसते. बदलतात त्या निऱ्या, ओचा आणि कासोट्याचा ताण. वस्त्रांच्या अभ्यासक ऋता कपूर चिश्ती यांनी देशभरातल्या साडी नेसण्याच्या १०८ पद्धती नोंदवल्या आहेत. इतक्या विस्तृत ज्ञानाला अभ्यासक्रमात ‘न शिवलेली वस्त्रे’ असे एक नकारार्थी नाव आणि अर्धा तास मिळतो.

म्हणून पॅटर्न, म्हणजे कापड बेतण्याचा नमुना, शिकवताना मी आता क्रम उलटा केला आहे. मूळ बॉडिस (धडाचा नमुना) आणि डार्ट यांच्या आधी दोन आठवडे नेसण आणि घडी शिकवते. विद्यार्थी फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून घरातल्या एखाद्या बाईला नेसताना चित्रित करतात (चेहरा दाखवायचा नाही, गळ्यापासून खाली पुरते), आणि मग आम्ही पाहतो की कासोटा मागे कुठे खोचला आहे, निऱ्या किती आणि किती रुंद, पदर कोणत्या खांद्यावरून आला आहे, कोळी नेसण गुडघ्याच्या वर का राहते, शेतात खुरपायला बसणारी बाई कासोटा का घट्ट करते. एरवी कंटाळवाणा वाटणारा भाग, म्हणजे कापडाचा उभा धागा, आडवा धागा आणि उरेब (तिरकी दिशा), इथे आपोआप समजतो, कारण कापड कुठे ताण घेते आणि कुठे सैल पडते ते डोळ्यांसमोर दिसते. त्यानंतर मी त्यांना ‘शिवलेली नऊवारी’ कशी बेततात ते आपल्या गावातल्या शिंप्याकडून समजून घ्यायला पाठवते. पुण्यामुंबईपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत आज लग्नात, मंगळागौरीत आणि ढोलपथकात दिसणारी ही तयार नऊवारी गल्लीतल्या शिंप्यांनी स्वतःच्या डोक्याने घडवलेली आहे. एकसंध, गुंडाळण्याच्या वस्त्राचे पायजम्यासारख्या चढवण्याच्या वस्त्रात रूपांतर करणे, आणि तरी निऱ्या व कासोटा खरे वाटणे, हा पॅटर्न मेकिंगचा अवघड प्रश्न आहे. तो सोडवणाऱ्यांची नावे फॅशनच्या कोणत्याही इतिहासात मला सापडलेली नाहीत.

याच दोन आठवड्यांत सांगोल्याकडच्या एका विद्यार्थ्याने आजोबांची घोंगडी कॅमेऱ्यासमोर आणली. पावसात रानात जाताना घोंगडीची एक बाजू आत दुमडून डोक्यावर खोळ करतात. पाणी लोकरीवरून निथळते, हात मोकळे राहतात आणि पाऊस थांबला की खोळ सोडून तीच घोंगडी अंथरायला घेतात. मी तोवर टोपडे, म्हणजे हूड, शिकवताना डोक्याचा घेर, मानेची खोली आणि दोन तुकड्यांची वळणदार शिवण यांपासून सुरुवात करीत असे. त्याने एकही कात्री न लावता हूड करून दाखवले आणि वर विचारले, ‘मॅडम, यात वाया किती गेले?’ काहीच गेले नव्हते. शून्य कचरा बेतकाम या विषयावर माझ्याकडे परदेशी उदाहरणांच्या बावीस स्लाइड होत्या. त्यातल्या आता नऊ उरल्या आहेत.

मात्र इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझा उत्साह मला एकदा नडला आहे. जुन्या कापडाच्या पुनर्वापराबद्दल शिकवताना मी जपानी बोरो (ठिगळे जोडून वापरलेली वस्त्रे) आणि साशिको (धावदोऱ्याचे टाके) यांची चित्रे दाखवत असे. मग वाटले, आपल्याकडे वाकळ आहे, गोधडी आहे, दंड घातलेले लुगडे आहे, मग जपानला कशाला जायचे? लुगडे मधोमध विरले की तो भाग काढून टाकून उरलेले दोन्ही धड तुकडे जोडत असत, त्या जोडाला दंड म्हणतात. आमच्या आजीच्या पिढीला हे काम डोळे मिटून येत असे. मी मोठ्या कौतुकाने विद्यार्थ्यांना घरातले असे वस्त्र शोधून त्याचे छायाचित्र मूड बोर्डवर, म्हणजे प्रकल्पाच्या कल्पना मांडायच्या फलकावर, लावायला सांगितले. बहुतेकांनी गोधड्यांची सुंदर छायाचित्रे पाठवली. एका मुलीने काहीच पाठवले नाही, आणि खासगी निरोपात लिहिले की आजी दंडाचे लुगडे नेसून कधी लग्नाला गेली नाही, दंड दिसू नये म्हणून ती निरीत लपवत असे, आणि आता तोच दंड सगळ्यांसमोर मांडायला आपल्याला आवडणार नाही. ती म्हणाली ते बरोबरच होते. एकाच्या घरी जी कलाकुसर असते ती दुसऱ्याच्या घरी नाइलाज असते, आणि नाइलाजाला ‘शाश्वत फॅशन’ हे नाव देण्याचा अधिकार शिक्षकाला कोणी दिला? तेव्हापासून घरातल्या वस्तूवर आधारलेल्या प्रत्येक कामाला मी तितक्याच गुणांचा दुसरा पर्याय ठेवते आणि तो का निवडला याचे कारण विचारत नाही.

ऑनलाइन शिकवण्याने या सगळ्यात अडचणी आणल्या, तशी एक सोयही केली. वर्गखोलीत सगळे एकाच टेबलाशी, एकाच प्रकारच्या मशीनवर बसतात, त्यामुळे कोण कोणत्या घरातून आले ते दिसत नाही. ऑनलाइन वर्गात घर मागे दिसते, किंवा कॅमेरा बंद ठेवून ते लपवावे लागते. सुरुवातीला कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही, असे मी मानत असे. एका खोलीत पाच माणसे, त्यात वडिलांचा फोन, महिन्याच्या शेवटी संपत आलेला डेटा, हे कळायला मला एक पूर्ण तुकडी लागली. आता दीड तासाच्या व्याख्यानाऐवजी चार-पाच मिनिटांचे, कमी वजनाचे तुकडे आधी पाठवते आणि प्रत्यक्ष तास फक्त चर्चेला ठेवते. बोलायला न धजावणारी मुले व्हॉट्सॲपवर आवाजी निरोपात मोकळेपणाने बोलतात, म्हणून कामावरची चर्चा बरीचशी तिथेच होते. तीही मराठीत होते, आणि मुंढा (बाही जोडायची जागा), तिरा (खांद्याचा जोडभाग), घेर, अस्तर, कळी (सैलपणासाठी जोडायचा तुकडा) हे शब्द इंग्रजी शब्दांइतकेच चालतात. ज्या मुलीने सातवीपासून आईच्या हाताखाली ब्लाउज शिवले आहेत तिला ‘आर्महोल’ येत नाही म्हणून ती नवशिकी ठरत नाही. तिला मुंढ्याचा खोलगटपणा माझ्यापेक्षा जास्त कळतो, हे मी दोनदा अनुभवले आहे.

कापड पडद्यातून हाताला लागत नाही, ही या माध्यमाची खरी अडचण. त्यावर आम्ही जुगाड शोधले. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून मोजून एक वीत बाहेर सोडायची आणि बाजूने छायाचित्र घ्यायचे. किती वाकली त्यावरून लोच कळतो. मुठीत दहा सेकंद चुरगळून सोडायचे. धागा ओढून, मोठ्या माणसाला शेजारी उभे करून, जाळायचा : सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, रेशमाला आणि लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची घट्ट गुठळी होते. आणि कापड फोनच्या माइकजवळ धरून चोळायचे. रेशमाची सळसळ आणि मांजरपाटाची खरखर कानाला लगेच कळते. वर्णनासाठी ‘सॉफ्ट’ हा शब्द मी बंद करून टाकला आहे. तलम, मऊसूत, झिरझिरीत, भरड, जाडेभरडे, लुसलुशीत यांपैकी नेमका शब्द निवडावा लागतो, आणि तो निवडण्यासाठी कापड पुन्हा हातात घ्यावे लागते.

अंगावर घातलेल्या कपड्याचे छायाचित्र मागणे ही माझी आणखी एक चूक. मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज अंगावर घालून समोरून, मागून आणि बाजूने छायाचित्रे पाठवा, असे सूचनापत्रात लिहिले होते. वर्गात समोर उभे राहणे आणि स्वतःच्या देहाचे छायाचित्र कोणाच्या तरी संगणकात कायमचे ठेवणे, यांतला फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. दोन विद्यार्थिनींनी काम पाठवणे थांबवले, तेव्हा आला. आता कपडा हँगरवर, उशी भरून खुर्चीवर किंवा जुन्या टी-शर्टवर चिकटपट्टी गुंडाळून केलेल्या घरगुती पुतळ्यावर चालतो. माणूस असेल तर गळ्याच्या वरचा भाग येऊ द्यायचा नाही. या घरगुती पुतळ्यांचा एक अनपेक्षित फायदा झाला. ते आई, मावशी, बहीण यांच्या अंगावर तयार झालेले असल्याने त्यांना पोट आहे, वाकलेले खांदे आहेत, बाळंतपणानंतर बदललेली कंबर आहे. दुकानात मिळणारा पुतळा कोणाचाच नसतो. भारतीयांच्या अंगाची मापे घेण्यासाठी ‘निफ्ट’ या सरकारी फॅशन तंत्रज्ञान संस्थेने इंडियासाइझ नावाचे राष्ट्रीय सर्वेक्षण हाती घेतले, त्याची घोषणा २०१८ मध्ये झाली. म्हणजे आपण इतकी दशके दुसऱ्यांच्या मापांवरून कपडे शिकत आणि शिकवत होतो.

मालेगावच्या एका विद्यार्थिनीची आठवण इथेच सांगते. नऊवारीच्या आठवड्यात, ‘तुमच्या घरी नेसत नसतील तर तुम्ही फक्त निरीक्षण करा’ असे मी तिला सांगितले. मला वाटले, मी समजूतदारपणा दाखवला. चार दिवसांनी तिचा आवाजी निरोप आला, त्यात मागे यंत्रमागांचा इतका खडखडाट होता की तो दोनदा ऐकावा लागला. तिचे म्हणणे असे होते की तिच्या घरी नऊवारी कोणी नेसत नाही, पण कापड मात्र घरातच विणले जाते, आणि त्याबद्दल तिला कोणी विचारलेले नाही. पुढच्या तासाला तिने ताणा-बाणा, फणी आणि एका इंचात किती धागे बसतात ते मोजायची भिंगाची डबी, जिला मागावर पीक ग्लास म्हणतात, ती सर्वांना दाखवली, आणि डबी नसलेल्यांनी फोनचा कॅमेरा कापडाशेजारी पट्टी ठेवून मोठा करून धागे कसे मोजावेत तेही शिकवले. मी तिची संस्कृती सणासुदीच्या पोशाखात शोधत होते. ती मागाच्या शेडमध्ये होती.

जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला उल्लेखाशिवाय दाखवल्या आणि इथे गदारोळ झाला, तेव्हा आमच्या वर्गातही दोन तास त्यावर गेले. पुढे त्या कंपनीने भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना. वर्गातला पहिला सूर ‘आपली चप्पल चोरली’ असा होता. मग एकाने विचारले, आपली म्हणजे कोणाची? चामडे कमावणारे आणि चपला शिवणारे हात ज्या समाजांचे आहेत त्यांना आपण गावात कुठे ठेवले होते? आणि दुसऱ्याने विचारले, पालघरच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढला जाणारा चौक आपण मागच्या सत्रात कुर्त्यांवर छापला, तेव्हा कोणाचा उल्लेख केला होता? तो प्रकल्प मीच दिलेला होता. मी तो मागे घेतला असे वर्गात सांगितले. आता एखाद्या समाजाची नक्षी वापरायची असेल तर त्या समाजातल्या कारागिराशी बोलणे, त्याला मोबदला देणे आणि त्याचे नाव लिहिणे, यांपैकी काय शक्य झाले आणि काय नाही याचा हिशेब कामासोबत जोडावा लागतो. तो जमत नसेल तर भूमितीचे आकार सर्वांसाठी मोकळे आहेत.

गुणदानाच्या निकषांपुढे मात्र मी अजून अडलेली आहे. आमच्या प्रमाणपत्राच्या गुणपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय सिल्हूएट’ (कपड्याची बाह्याकृती) असा एक रकाना आहे आणि त्याला दहा गुण आहेत. बाहेरून येणारे परीक्षक तो रकाना गांभीर्याने भरतात. खोळीचे हूड केलेल्या मुलाला त्यात चार गुण मिळाले.

आणि शेवटी, जिच्याबद्दल लिहायचे म्हणून मी खरे तर ही नोंद सुरू केली, ती विद्यार्थिनी. यवतमाळकडच्या एका तांड्यावरची ही मुलगी. अंतिम प्रकल्पाच्या वेळी मी तिला उत्साहाने बंजारा भरतकामाची, आरशांची आणि कवड्यांची सूचना केली. इतके सगळे अनुभवल्यावरसुद्धा मी ते केले, हे इथे नोंदवून ठेवते. ती ‘हो मॅडम’ म्हणाली आणि तिने पाठवला तो आराखडा एसटीच्या महिला कंडक्टरच्या खाकी गणवेशाचा होता. तिची आई कंडक्टर आहे. तिकिटाच्या यंत्राचा पट्टा उजव्या खांद्यावर सतत ओढला जाऊन शिवण उसवते, म्हणून तिरा दुहेरी. चालत्या गाडीत हात वर करून दांडी धरावी लागते, म्हणून काखेत कळी, म्हणजे कुर्ता वर सरकत नाही. सुट्ट्या पैशांच्या चामडी पिशवीचे वजन कमरेवर एका बाजूला येते, म्हणून त्या बाजूला आतून पट्टी. कळी बेतायची पद्धत मात्र तिने आजीच्या चोळीवरून घेतली होती आणि तसे आराखड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेही होते. मी खिशांबद्दल विचारले, कारण आराखड्यात डावीकडे एक खोल खिसा होता आणि त्याचे कारण लिहिलेले नव्हते. तिचे उत्तर आले : तो फोनसाठी आहे, आई दुपारच्या थांब्यावर माझ्या तासाला बसते.